खांदा वर गेला की

४ फेब्रुवारी

वहिनी,

"लोकांकडे बघू नकोस, माझ्या खांद्याकडे बघ. खांदा वर गेला की सुरू कर."

हे तू मला शाळेच्या सभागृहात पडद्यामागे सांगितलं होतंस. मी कॉलेजात होते आणि तुला आमच्या घरात येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. माझे हात इतके गार पडले होते की गिटारच्या तारा मला कोमट लागत होत्या. तू म्हणालीस तसं केलं. आणि मग आपण दोघी जितकी वर्षं गायलो, तितकी वर्षं तेच करत आले, हे मला परवा कळलं.

झालं असं की मी आपली जुनी गाणी पुन्हा करते आहे. कॅसेटमधली आठ. ढोल-ताशा काही नाही, नुसती गिटार आणि गळा. काही चाली खाली उतरवल्या, काही शब्द बदलणार आहे. विशीत लिहिलेलं पंचेचाळिशीत तसंच्या तसं तोंडातून निघत नाही. रेकॉर्डिंग करणारा घरीच येतो. त्याने माझ्या वरच्या खोलीत चारी भिंतींना गाद्या लावल्यात, खोली कापसाच्या गोदामासारखी दिसते. त्याला मी कानसेन म्हणते. त्याला ते आवडतं.

परवा कानसेनने मला तिसऱ्यांदा थांबवलं. म्हणाला, "ताई, तुम्ही दर ओळीच्या आधी थांबता. कुणी यायचंय का?"

मी म्हटलं, "कुणी नाही."

"मग सुरू करा की."

पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच. मग लक्षात आलं, मी डावीकडे बघत होते. तू उभी राहायचीस तिकडे. तिथे आता कपड्यांचं कपाट आहे. मी कपाटाच्या खांद्याची वाट बघत होते, वहिनी.

तर दोन गोष्टी. एक, गाणी दोघींची आहेत, तुझं नाव कॅसेटवर माझ्याइतक्याच मोठ्या अक्षरात आहे, तेव्हा तुझी परवानगी हवी. दोन, येशील का? दुसरा आवाज तूच दे.

कागदोपत्री तू आता माझी कुणी लागत नाहीस. तुझा आणि दादाचा कोर्टात निकाल लागला त्या दिवशी मी विचारलं होतं, आता तुला काय हाक मारू? तू म्हणालीस, "मार जी तोंडाला येईल ती." अजून तीच येते.

फोन मुद्दाम केला नाही. फोनवर आपण दोघी हसून विषय बदलण्यात पटाईत आहोत.

तुझा,
भोंगा

*

१९ फेब्रुवारी

प्रिय भोंगा,

हे नाव मी तुला ठेवलं ते आठवतं ना? कारखाना सुटल्यासारखी ओरडून गायचीस. शेजारचे हातपाय धुवायला उठायचे.

पत्र लॅबच्या पत्त्यावर पाठवलंस ते बरं केलंस, घरी मी झोपण्यापुरतीच असते. माझ्या टेबलावर या वेळी तीन कवळ्या तोंड वासून पडल्यात, त्यांच्यासमोर लिहितेय. आज एका निवृत्त शिक्षिकेचं काम होतं. डॉक्टरांनी साच्यासोबत त्यांचा जुना फोटो पाठवलेला. पुढचा एक दात शेजारच्या दातावर चढून बसलेला. बाईंचं म्हणणं, तो तसाच हवा, नाहीतर नवरा ओळखणार नाही. सरळ दात मी डोळे मिटून लावते. तो एक वाकडा बसवायला माझी सगळी दुपार गेली. मेण तापव, तिरका कर, फोटो बघ, पुन्हा काढ. शेवटी बसला तेव्हा ती निर्जीव कवळी एकदम कुणाची तरी झाली.

तेव्हा तुझं काम काय चाललंय ते मला कळतं. सोपं नाही.

पण मी येणार नाही. दिवसभर तोंडावर मास्क आणि नाकात प्लास्टरची भुकटी, आवाजाची पार चाळण झालीय. कानसेनला म्हणावं, यंत्राची टिकटिक लाव. ती रुसत नाही, उशिरा येत नाही, आणि नणंदेला नावं ठेवत नाही.

परवानगी कसली मागतेस? गाणी घे, शब्द हवे तसे बदल, मला विचारत बसू नकोस. लेक एकदा दिली की तिने आज भाजीत मीठ किती घातलं हे कुणी विचारायला जात नाही.

दादा बरा आहे ना? आपलं सहज.

वहिनी

*

११ मार्च

वहिनी,

टिकटिक लावली. कानात घालून अख्खं गाणं म्हटलं. अगदी वेळेत झालं. इतकं वेळेत की कानसेन म्हणाला, "बँकेत फोन केल्यावर बाई बोलते ना, तसं वाटतंय." पुढच्या कडव्यात मी "मराठीसाठी दोन दाबा" म्हणेन याची तो वाटच बघत होता.

मग टिकटिक काढली. मी थांबत थांबत गायले आणि मधल्या फटी त्याने नंतर कापल्या. सोबत सीडी पाठवतेय, तीन गाणी आहेत. पहिलं ऐकलंस तर कापल्याचं कळणार नाही. मला कळतं. भिंतीतली खिडकी बुजवली की बाहेरच्याला नुसती भिंत दिसते, पण घरातला माणूस तिथे हात टेकायला जातोच.

दुसरं 'जिन्यातला दिवा' आहे. तू संध्याकाळच्या पाळीला निघालीस की जिन्यातून ओरडायचीस, "दिवा राहू दे गं, मला यायला उशीर आहे." मी वरून त्याला चाल लावून उत्तर द्यायची. लोकांना अजूनही आपलं तेवढं एकच गाणं आठवतं. त्याचे शब्द बदललेत. ऐक आणि खरं काय ते सांग. तू नेहमी सांगायचीस तसं, गोड न बोलता.

वाकड्या दाताच्या बाईंचा नवरा काय म्हणाला?

दादा बरा आहे. कामात असतो.

भोंगा

*

२ मे

सप्रेम नमस्कार,

सीडी पोचली. ऐकली. लॅबमधल्या मुलींनीही ऐकली, त्यांना आवडली. गिटार स्वच्छ वाजली आहे. आवाज पूर्वीपेक्षा भारदस्त झाला आहे. शुभेच्छा.

पूर्वी आपण म्हणायचो,

जिन्यातला दिवा राहू दे,
मला यायला उशीर आहे.

आता तू म्हणतेस,

जिन्यातला दिवा घालव आता,
यायचं कुणी राहिलं नाही.

निरोप कळला. इतक्या आडवळणाने द्यायची गरज नव्हती. दादाचं लग्न ठरल्याचं मला दीड महिन्यापूर्वीच कळलं, तुझं पत्र यायच्या दोन दिवस आधी. तुमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू दाढ दाखवायला आमच्या डॉक्टरांकडे येतात, त्यांनी सांगितलं. चांगलं झालं. मनापासून म्हणते, त्याने लग्न करावं असं मीच त्याला दोनदा सुचवलं होतं. मला टोचलं ते लग्न नाही. तू दोन पानं लिहिलीस, कानसेनचे विनोद लिहिलेस, आणि मी विचारल्यावर "दादा बरा आहे, कामात असतो" एवढंच लिहिलंस.

मी सोडलं ते त्याला. तुला सोडल्याचं मला आठवत नाही. पण घरात नवीन माणूस यायचं म्हणजे आधीचं सामान हलवावं लागतं, तेही समजते.

एक विनंती. नव्या सीडीवर माझं नाव घालू नकोस. शब्द आता माझे राहिले नाहीत, आवाजही माझा नाही, मग नाव तरी कशाला.

*

९ मे

वहिनी,

तुझ्या पत्राखाली काहीच नव्हतं. वहिनी नाही, नाव नाही. मी कागद उलटा करून बघितला.

लग्नाचं लिहिलं नाही हे खरं. तुला कसं सांगायचं ते सुचेना, म्हणून प्रत्येक पत्रात पुढच्या पत्रावर ढकललं. दादाविषयीच्या तुझ्या "सहज"मध्ये काय आहे ते मला कळेना. मला वाटलं, तुला लागेल. तुला लागू नये म्हणून गप्प बसले आणि नेमकं तेच लागलं. अक्कल दातांबरोबर येते म्हणतात. माझ्या अक्कलदाढा काढून टाकल्यात, तुझ्याच डॉक्टरांनी.

आता दिव्याचं. तो निरोप नव्हता गं. तू गेल्यापासून मी ते गाणं कार्यक्रमांत ढोलकीवाल्याच्या ठेक्यावर म्हणते, आणि दर वेळी "मला यायला उशीर आहे" म्हटलं की पुढच्या रांगेत बसलेली आई मान खाली घालते. मला वाटायचं, तुझ्या वतीने मी एक खोटं आश्वासन देत फिरतेय. तू कधी ऐकलंस तर म्हणशील, हिने मला अजून जिन्यातच उभी करून ठेवलीय. तुला त्या जिन्यातून मोकळं करावं म्हणून शब्द बदलले. तुला वाटलं दार लावलं.

आणि घरातला खरा दिवा म्हणशील तर तो रोज लागतो. दादा कामावरून आला की वर जाताना बटण बंद करतो. मी बाहेर येऊन चालू करते. इतकी वर्षं चाललंय. यावर आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललेलो नाही. तो समजतो बटण खराब आहे.

दादाची होणारी बायको वाचनालयात काम करते. चांगली आहे. हळू बोलते, पुस्तकांची सवय असणार. मला म्हणाली, "मला तुम्ही काय हाक मारणार?" मी म्हटलं, "नावानेच मारते." ती म्हणाली, "बरं झालं, नाहीतर मी मागे वळून बघितलं असतं की कुणाला बोलावतायत."

जुने शब्द परत घातलेत. नवं गाणं कानसेनने पुसून टाकलं, मी समोर बसून पुसायला लावलं. आता जुने शब्द आहेत, पण म्हणता येत नाहीत. खांदा नाही. बाकीच्या गाण्यांत फटी कापून चालवून घेतलं. या एका गाण्यात फट कापली की गाणंच उरत नाही. हे झालं नाही तर मी बाकीची सातही काढणार नाही. रुसवा म्हणून नाही. या गाण्याशिवाय ती गाणी कुणाची आहेत तेच कळत नाही.

भोंगा

*

२४ मे

भोंग्या,

बटणाचा किस्सा लॅबमध्ये मोठ्याने वाचला. एका मुलीने हसता हसता वरचा जबडा खाली पाडला. साच्याचा, तिचा नाही.

आता मी सांगते ते नीट बसून वाच.

तू म्हणतेस मी सुरुवात करायची आणि तू माझ्या खांद्याकडे बघायचीस. अगं, मी कधीच सुरुवात केली नाही. मी तुझ्या पायाच्या अंगठ्याकडे बघायचे. तू पट्ट्यांची चप्पल घालून बसायचीस, आणि ओळ यायच्या आधी तुझा उजवा अंगठा खाली दाबला जायचा, गाडीचा ब्रेक दाबावा तसा. तो दाबला गेला की मी श्वास घ्यायचे. श्वास घेतला की खांदा वर जायचा. त्यात माझी काही हुशारी नव्हती.

त्या दिवशी पडद्यामागे तुला जे सांगितलं, ते तुला धीर द्यायला नव्हतं. मलाच धीर हवा होता. समोर दोनशे माणसं आणि मी सासरची नवी सून. मला वाटलं, निदान एक माणूस माझ्याकडे बघत असेल तर मला पळून जाता येणार नाही.

म्हणजे दोन आंधळ्या एकमेकींची काठी धरून चालल्या होत्या आणि लोक म्हणायचे, काय छान एकत्र गातात. सुरुवात कोण करायचं हे आता देवालाच विचारायला हवं.

मीही करून बघितलं. न्हाणीघरात, एकटीने, 'जिन्यातला दिवा'. पहिल्या ओळीआधी खाली बघितलं. माझेच पाय होते. मलाही उशीर झाला.

आवाजाचं खरं सांगते. भुकटीचं कारण अर्धंच होतं. गेल्या वर्षी घशात गाठ निघाली. साधी होती, काढली, काळजीचं काही नाही. पण वरचे सूर गेले. आता वर गेले की दाराची बिजागरी वाजते तसं वाजतं. तुला कळवलं नाही. तुला लागू नये म्हणून. घे, फिटंफाट झाली.

पण न येण्याचं खरं कारण आवाज नाही. रेकॉर्डिंग त्या खोलीत आहे. त्या खोलीत यायचं तर तो जिना चढायला हवा. मधल्या मजल्यावर दादाचं दार आहे, आणि आता तिथे दुसरीचा संसार मांडला जातोय. मी त्या दारावरून वर गेले तर तिला काय वाटेल, आणि गेलेच नाही तर मला काय वाटतं, हे दोन्ही मला माहीत आहे. मला तो जिना चढायचा नाही. एवढंच.

शिक्षिकाबाईंचा निरोप आला होता. नवऱ्याने ओळखलं. म्हणाला, दात तोच आहे, बाकीचे मात्र कुणाचे लावलेस?

वहिनी

*

६ जून

वहिनी,

कानसेनचं स्वतःचं दुकान आहे, बाजाराच्या मागच्या गल्लीत. पुढे बिघडलेले स्पीकर, मागे एक खोली. तळमजला. मी स्वतः जाऊन बघून आले. उंबरासुद्धा नाही, आत जाताना पाय उचलावा लागत नाही. गाद्या तिकडे हलवतोय. आमच्या खोलीच्या भिंती उघड्या पडल्यात, आईला हायसं वाटलं.

गाऊ नकोस. खुर्चीवर माझ्या डावीकडे बैस. श्वास घे. मी पट्ट्यांची चप्पल घालून येते.

शनिवारी दुपारी.

भोंगा

*

१० जून

शनिवारी अर्धा दिवस सुट्टी घेतली आहे. दुकानाला पायरी नाही याची पुन्हा एकदा खात्री कर. मी श्वास घेईन, त्यापलीकडे काही मागू नकोस. कपाटाला माझा नमस्कार सांग.

वहिनी

*

३ जुलै

वहिनी,

तू गेल्यानंतरचं सांगायचं राहिलं.

तू रिक्षात बसलीस आणि मी आत आले, तर कानसेन हेडफोन लावून तेच तेच ऐकत बसला होता. म्हणाला, "ताई, एकदासुद्धा उशीर नाही. पण दर ओळीच्या आधी एक श्वास ऐकू येतोय, तुमचा नाही. साफ करू?" मी म्हटलं, हात लावलास तर याद राख. मग म्हणाला, "आणि शेवटी काय करू?" मला कळेना शेवटी काय आहे. त्याने ऐकवलं.

शेवटचं कडवं संपल्यावर मी गिटार खाली ठेवली, तुला वाटलं माईक बंद झाला. तू वाकून पर्स उचललीस आणि उचलता उचलता दुसरा आवाज गुणगुणलीस. पहिल्यासारखा वर नाही. खाली, माझ्याही खाली, कधी नव्हे तिथे. बिजागरीचा आवाज आहे त्यात, तू म्हणालीस तसा. पण दार कुणी तरी उघडतंय असं वाटतं. ओळ अर्धीच आहे. "मला यायला उशीर" एवढीच, मग पर्सची चेन.

ते मी ठेवलंय, चेनसकट. हे विचारत नाही, कळवतेय. शब्द हवे तसे बदल, मला विचारत बसू नकोस असं तूच लिहिलं होतंस, त्याचा आधार घेतेय. फार राग आला तर काढेन, पण रडत काढेन.

सगळी आठ झाली. बाकीच्या सातांतल्या फटीही परत उघडल्या. कानसेन म्हणतो, इतकी मेहनत करून कापलं ते इतकी मेहनत करून पुन्हा जोडायचं, तुम्ही बायका एकदाच काय ते ठरवत का नाही.

आईला ऐकवलं. तिने या वेळी मान खाली घातली नाही. म्हणाली, "हे शेवटी चेनचं काय वाजतं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "ती पर्स मीच घेऊन दिली होती. अजून वापरते?"

दादाला मी ऐकवलं नाही. त्याने मागितलं तर देईन. त्याचं लग्न पुढच्या आठवड्यात आहे, नोंदणी कार्यालयात, दहा माणसं. नवी दोनदा घरी राहून गेली. जिन्यात तिला अजून पायऱ्यांचा अंदाज येत नाही, भिंतीला धरून चढते. परवा दादा बटणाकडे गेला तेव्हा ती म्हणाली, असू दे ना. त्याने असू दिलं. माझी एक फेरी वाचली.

आता कव्हर छापायला जायचं आहे. तुझं नाव घालायचं नाही असं तू सांगितलं होतंस. घातलं नाही. तपासून बघ, सोबत कच्ची प्रत आहे. गाणी, चाल, गिटार, माझं नाव. रेकॉर्डिंग, कानसेनचं खरं नाव, ते वाचून तुला हसू येईल. त्याच्या खाली एक ओळ मोकळी आहे. छापणाऱ्याला वाटलं चूक आहे, त्याने दोनदा फोन केला.

मला तिथे "दुसरा आवाज आणि श्वास: वहिनी" असं छापायचं आहे. नुसतं वहिनी. नाव नाही, आडनाव नाही, कुणाची ते नाही.

तू काय म्हणशील ते मला पाठ आहे. त्या घरात आता दुसरी येतेय, लोक तिलाच समजतील, तिच्या वाट्याचा शब्द मी कशाला अडवून धरू. आणि कागदावर जे संपलं ते पुन्हा कागदावर कशाला. सगळं बरोबर आहे. तिला मी विचारलं, ती म्हणाली, "मला नावाने बोलावताय ना, मग तो शब्द रिकामाच आहे." पण तिच्या हो म्हणण्याने तुझं नाही बदलणार नाही, तेही माहीत आहे.

छापखाना सोमवारपर्यंत थांबलाय. तू नाही म्हणणार, हे धरूनच लिहितेय. तरी ती ओळ मी भरू का?

भोंगा